पीडीएफची इमेज केली की अक्षरं धुरकट, रंग भडक, रेघा गायब: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

छपाईसाठी केलेली पीडीएफ, ईपीएस (छपाईच्या चित्रांचा जुना फॉरमॅट) किंवा एआय (ॲडोबी इलस्ट्रेटरची) फाइल असते आणि कुणाला तरी ती जेपीईजी किंवा पीएनजी म्हणून हवी असते. फाइल स्क्रीनवर लख्ख दिसते, इमेज केली की बिघडते. हे दुखणं मी इतक्या वेळा निस्तरलंय की आता लक्षण ऐकूनच बहुतेकदा कारणाचा अंदाज येतो. म्हणून सुरुवात लक्षणांपासून.

लक्षणं

- अक्षरं धुरकट, तिरप्या रेघांना पायऱ्या पडलेल्या.
- अक्षरांभोवती मळकट ठिपके, लाल मजकूर पसरल्यासारखा.
- पारदर्शक भाग काळाठिक्कर.
- पानाभोवती कापायच्या खुणा आणि नको ती मोकळी जागा, किंवा चित्राचा एक कोपराच कापलेला.
- मराठी मजकुरात जोडाक्षरं फुटलेली, वेलांटी भलतीकडे, नाहीतर सगळ्या मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ.
- बारीक रेघा पुसट किंवा नाहीशा. याउलट, जिथे रेघच नव्हती तिथे केसासारख्या पांढऱ्या रेघा.
- रंग भडक, फिकट किंवा चक्क उलटे.
- इमेज तयारच होत नाही. प्रोग्रॅम परवानगी नाकारतो किंवा मेमरी संपते.

एकाच फाइलमध्ये दोन-तीन लक्षणं एकत्र असू शकतात. तरीही तपासणी वरून खाली, खालच्याच क्रमानं करा. पहिल्या दोन तपासण्यांना पैसा लागत नाही, वेळही मिनिटभरच जातो, आणि माझ्याकडे आलेल्या बहुतेक फाइली तिथेच सुटल्या आहेत.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. अशा फाइलींना व्हेक्टर फाइल म्हणतात. व्हेक्टर फाइलमध्ये चित्र नसतं, चित्र काढण्याच्या सूचना असतात: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढ, इतक्या जाडीची, या रंगाची. १९८४ साली आलेली पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करणारी भाषा, ईपीएस तिच्यातच लिहिलेली असते) आणि १९९३ साली तिच्यातूनच घडलेली पीडीएफ या दोन्हींमध्ये मोजमाप पॉइंटमध्ये असतं, एका इंचाला ७२ पॉइंट. त्या सूचनांना पिक्सेल, म्हणजे इमेज ज्यांची बनते ते रंगीत ठिपके, ठाऊक नसतात. पिक्सेल जन्माला येतात ते रूपांतराच्या एका क्षणी, आणि त्या क्षणी जे हरवलं ते नंतर कुठलाही प्रोग्रॅम परत आणून देत नाही. त्यामुळे बिघडलेली इमेज दुरुस्त करत बसू नका. ती बाजूला ठेवा, मूळ फाइलकडे परत या आणि रूपांतर नव्यानं करा.

१. इमेज किती पिक्सेलची आहे ते बघा

इमेजच्या गुणधर्मांत रुंदी आणि उंची दिसते. ए४ पान ५९५ × ८४२ पॉइंटचं असतं. तुमची इमेजही ५९५ × ८४२ पिक्सेलची निघाली, तर दुखणं इथेच सापडलं: रूपांतर ७२ डीपीआयवर, म्हणजे एका इंचाला ७२ पिक्सेल या हिशेबानं झालंय. तेच पान १५० डीपीआयवर १२४० × १७५४ होतं, ३०० वर २४८० × ३५०८ आणि ६०० वर ४९६० × ७०१६.

ही तपासणी पहिली का? कारण प्रत्येक साधनाचा न सांगता धरलेला आकडा वेगळा आहे आणि तो कुणीच मोठ्यानं सांगत नाही. इमेजा बदलणारं इमेजमॅजिक काही न सांगितल्यास ७२ धरतं, चित्रं काढायचं इंकस्केप ९६, तर पीडीएफ हाताळणाऱ्या पॉपलर संचातली साधनं १५०. एकच फाइल तीन जणांनी तीन साधनांत घातली की तीन वेगळ्या इमेजा निघतात आणि मग दोष फाइलला दिला जातो.

इमेजमॅजिक वापरणाऱ्यांची एक चूक मी सतत पाहतो. डेन्सिटीचा (म्हणजे डीपीआयचा) पर्याय इनपुट फाइलच्या नावाच्या आधी लिहावा लागतो. नावानंतर लिहिला तर फाइल वाचून झालेली असते, पिक्सेल ७२ नं पडलेले असतात आणि तुमचा ३०० हा आकडा तयार इमेजवर नुसतं लेबल म्हणून चिकटतो. लेबल ३०० चं, पिक्सेल मात्र ५९५ × ८४२ च.

हाच घोटाळा फोटो एडिटरमध्येही होतो. ‘प्रेसनं ३०० डीपीआय मागितलं’ म्हणून लोक लहान इमेज उघडतात, रिझोल्यूशनच्या चौकटीत ३०० टाइप करतात आणि सेव्ह करतात. त्यानं एक तर फक्त लेबल बदलतं किंवा असलेलेच पिक्सेल ताणले जातात. नवा तपशील कुठूनच येत नाही. कुणी ३०० डीपीआय मागितलं की त्यांना विचारा, छापून किती इंच रुंद हवंय? इंच गुणिले ३०० म्हणजे लागणारे पिक्सेल. निव्वळ स्क्रीनवर दाखवायचं असेल तर डीपीआय विसरा, पिक्सेलची रुंदी तेवढी ठरवा.

जाता जाता: पीएनजीमध्ये रिझोल्यूशन दर मीटरला किती पिक्सेल या हिशेबानं साठवतात, तेही पूर्णांकात. ३०० डीपीआय म्हणजे ११,८११. म्हणून काही प्रोग्रॅम ३०० ऐवजी २९९.९९९ दाखवतात. त्यात बिघाड काही नाही.

२. फाइल खरोखर व्हेक्टर आहे का ते बघा

मूळ पीडीएफ उघडा आणि एखाद्या अक्षराच्या कडेवर १६०० टक्के झूम करा. कड धारदार राहिली तर व्हेक्टर. चौकोन दिसायला लागले तर पीडीएफच्या पाकिटात आधीच इमेज बसलेली आहे, मग डीपीआय ६०० करा की १२०० करा, तेच चौकोन मोठे होऊन येणार. पुष्कळदा मजकूर व्हेक्टर असतो आणि लोगो तेवढा कुणीतरी वेबवरून उचलून चिकटवलेला असतो, म्हणून एकच जागा बघून थांबू नका. पॉपलरमधलं पीडीएफइमेजेस हे साधन यादीच्या पर्यायासह चालवलं तर आत कोणत्या इमेजा आहेत आणि पानावर त्यांचं प्रत्यक्ष रिझोल्यूशन किती पडतं, ते सगळं समोर येतं.

ईपीएसमध्ये आणखी एक फसवं प्रकरण असतं. अनेक ईपीएस फाइलींच्या आत लहानसं टिफ चित्र निव्वळ ओळख पटावी म्हणून ठेवलेलं असतं. ज्या प्रोग्रॅमला पोस्टस्क्रिप्ट वाचता येत नाही, तो तेवढंच उचलतो आणि ‘रूपांतर झालं’ म्हणतो. हातात येतं ते अंधुक ठिगळ. तीच फाइल घोस्टस्क्रिप्टमधून (पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफ वाचून इमेज काढणारा प्रोग्रॅम) काढली की लगेच फरक दिसतो.

एआय फाइलचं रूपांतर केल्यावर पान कोरं आणि त्यावर ‘ही फाइल पीडीएफ मजकुराशिवाय सेव्ह केली आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर तुमच्या बाजूनं करण्यासारखं काही उरत नाही. इलस्ट्रेटरमध्ये सेव्ह करताना ‘क्रिएट पीडीएफ कंपॅटिबल फाइल’ ही खूण काढलेली होती. फाइल पाठवणाऱ्याला ती खूण करून पुन्हा सेव्ह करायला सांगा. त्याचं दहा सेकंदांचं काम आहे.

३. फॉरमॅट चुकलाय का

मजकूर, लोगो, रेघांची चित्रं यांना पीएनजी. फोटोंना जेपीईजी. छपाईकडे जाणाऱ्या इमेजला टिफ. एवढं पाळलं की निम्मा त्रास टळतो.

जेपीईजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे ठोकळे पाडून त्यातला बारीक तपशील गाळते. फोटोत ते खपून जातं. काळ्या-पांढऱ्या कडेजवळ मात्र ठोकळ्यात मळकट ठिपके उमटतात. शिवाय बहुतेक प्रोग्रॅम रंगाची माहिती निम्म्या रिझोल्यूशनवर साठवतात, म्हणून पांढऱ्यावरचा लाल मजकूर काळ्यापेक्षा जास्त पसरतो. पारदर्शकता जेपीईजीत मुळातच नाही, त्यामुळे तो भाग भरायला काहीतरी रंग लागतो आणि काही प्रोग्रॅम काळा भरतात. पीएनजी घ्या, नाहीतर रूपांतराच्या वेळीच पांढरं बॅकग्राउंड द्यायला सांगा.

४. पानाच्या चौकटी

पीडीएफच्या एकाच पानाला अनेक चौकटी असू शकतात: पूर्ण कागदाची मीडियाबॉक्स, दिसण्यापुरती क्रॉपबॉक्स, कापून उरणाऱ्या भागाची ट्रिमबॉक्स आणि ब्लीडची, म्हणजे कापायच्या रेघेबाहेर मुद्दाम वाढवलेल्या चित्राची चौकट. वाचायचे प्रोग्रॅम क्रॉपबॉक्स दाखवतात. घोस्टस्क्रिप्ट आणि पॉपलरचं इमेज काढायचं साधन पीडीएफटूपीपीएम मात्र काही न सांगता मीडियाबॉक्स घेतात. म्हणून स्क्रीनवर न दिसलेल्या कापायच्या खुणा इमेजमध्ये अवतरतात. दोन्ही साधनांना क्रॉपबॉक्स घेण्याचा पर्याय आहे. ईपीएसचा कोपरा कापला जात असेल तर घोस्टस्क्रिप्टला ईपीएसक्रॉप हा पर्याय द्या. चित्राची सीमा पानाच्या शून्यबिंदूपासून सुरू होतेच असं नाही, आणि पर्याय दिला नाही तर घोस्टस्क्रिप्ट ती सीमा न बघता आपलं ठरलेलं पान धरतं.

५. फाँट आत आहेत का

इथे थोडं थांबतो, कारण मराठी मजकुराच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, आणि ते पुष्कळदा छापून झाल्यावर लक्षात येतं.

ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फाँटचा टॅब उघडा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ (फाँट फाइलच्या आतच आहे) किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ (लागणाऱ्या अक्षरांपुरता आत आहे) असायला हवं. पॉपलरचं पीडीएफफॉन्ट्स हेच यादीच्या स्वरूपात सांगतं. एखादा फाँट आत नसेल तर रूपांतर करणारा प्रोग्रॅम जवळपासचा दुसरा घालतो. रोमन मजकुरात तेवढ्यानं फार तर ओळींची लांबी बदलते. देवनागरीत शब्दच मोडतो.

त्यातही जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांची गोष्ट वेगळी आहे. कृतिदेवसारख्या फाँटांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फाइलच्या दृष्टीनं तिथे रोमन अक्षरंच लिहिलेली असतात, फक्त फाँट त्यांना मराठी रूप देतो. फाँट गेला की मराठीही गेली आणि उरतो रोमन गोंधळ. तो दिसला की डीपीआय, फॉरमॅट, प्रोग्रॅम यांच्या नादी लागू नका, दोष फाँटचाच आहे.

फाँट आत आहेत आणि तरी जोडाक्षरं फुटताहेत? मग तुम्ही फाइल बहुधा एडिट करण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडून एक्स्पोर्ट करताय. एडिटर मजकूर पुन्हा ‘टाइप केलेला’ म्हणून जुळवू बघतो आणि पीडीएफमध्ये जागच्या जागी बसवलेले रफार, वेलांट्या उसकटतो. इंकस्केपमध्ये पीडीएफ आणताना विचारणा होते, तिथे पॉपलरचा पर्याय निवडलात तर मजकूर आकार म्हणून येतो आणि मोडत नाही. त्याहून सरळ रस्ता म्हणजे एडिटर टाळून पीडीएफटूपीपीएम किंवा घोस्टस्क्रिप्टनं थेट इमेज काढणं. ही साधनं मजकूर जुळवत बसत नाहीत, दिलेले आकार दिलेल्या जागी रंगवतात.

फाइल करणारा ओळखीचा असेल तर त्याला मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवून पाठवायला सांगा. मात्र कर्व्ह न केलेली प्रतही त्यानं स्वतःकडे जपून ठेवायला हवी. कर्व्ह झालेल्या मजकुरात नंतर एक अनुस्वार सुधारायचा म्हटला तरी हाल होतात.

आणि इमेज निघाल्यावर मराठी मजकूर शब्दन् शब्द वाचा. नजर फिरवून भागत नाही. ‘कार्य’चं ‘काय’ झालेलं ओझरत्या नजरेला दिसत नाही.

६. रेघा: नाहीशा झालेल्या आणि नसताना उगवलेल्या

पाव पॉइंट जाडीची रेघ ७२ डीपीआयवर पाव पिक्सेलची होते. अर्धवट पिक्सेल रंगवता येत नाही, म्हणून ती राखाडी होते किंवा गळते. ३०० वर तीच रेघ साधारण एक पिक्सेलची होऊन टिकते. शून्य जाडीच्या रेघेचं उलटं आहे. पीडीएफच्या नियमानुसार ती नेहमी यंत्राच्या एका पिक्सेलएवढी काढायची असते, म्हणजे ७२ डीपीआयवर ०.३५ मिलिमीटर आणि १२०० वर ०.०२ मिलिमीटर. स्क्रीनवर छान दिसलेली चौकट मोठ्या रिझोल्यूशनवर गायब झाली तर हेच कारण समजा. उपाय मूळ फाइलमध्येच आहे: रेघेला खरी जाडी द्या.

केसासारख्या पांढऱ्या रेघा बहुतेकदा ट्रान्सपरन्सी चपटी केल्यानं येतात. पीडीएफमध्ये पारदर्शकता २००१ साली १.४ आवृत्तीत आली. त्याआधीच्या प्रकारात सेव्ह करताना सावल्या आणि पारदर्शक आकार लहान लहान तुकड्यांत कापून शेजारी शेजारी ठेवले जातात. कडा मऊ करण्याच्या प्रक्रियेत दोन तुकड्यांच्या सांध्यातून मागचा पांढरा रंग डोकावतो. मूळ फाइल चपटी न करता पुन्हा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर कडा मऊ न करता चौपट रिझोल्यूशनवर रूपांतर करा आणि मग लहान करा. घोस्टस्क्रिप्टमध्ये १२०० डीपीआय आणि डाउनस्केलफॅक्टर ४ दिला की ३०० ची इमेज निघते आणि रेघा सहसा जातात. मी हा उपाय पुष्कळदा वापरलाय. चालतो, पण वेळ लागतो.

७. प्रोग्रॅम नकार देतो

इमेजमॅजिक ‘परवानगी नाही’ म्हणतं तेव्हा फाइलमध्ये दोष नसतो. पोस्टस्क्रिप्ट ही पूर्ण प्रोग्रॅमिंग भाषा आहे, म्हणजे ईपीएस उघडणं हे एका परीनं कुणाचा तरी प्रोग्रॅम चालवणं आहे. २०१८ मध्ये घोस्टस्क्रिप्टमधल्या सुरक्षेच्या त्रुटी उघड झाल्यावर उबुंटूसारख्या लिनक्स वितरणांनी इमेजमॅजिकच्या पॉलिसी फाइलमध्ये पीडीएफ, पीएस आणि ईपीएस बंद केले. ते कुलूप काढायचे सल्ले सहज सापडतात. स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या फाइलींसाठी काढायलाही हरकत नाही, पण घोस्टस्क्रिप्टची आवृत्ती नवी हवी. अनोळखी लोकांच्या फाइली घेणाऱ्या सर्व्हरवर मात्र कृपा करून काढू नका.

मेमरी संपत असेल तर आधी गुणाकार करा. ए४ ३०० डीपीआयवर सुमारे २६ एमबी, ६०० वर चौपट. १ × २ मीटरचं बॅनर ३०० डीपीआयवर ११,८११ × २३,६२२ पिक्सेल, म्हणजे कॉम्प्रेस न करता ८३७ एमबी. काही वितरणांत इमेजमॅजिकला रुंदी-उंचीची मर्यादा १६,००० पिक्सेलची घातलेली असते, तिथे हे बॅनर अडतंच. जेपीईजीची स्वतःची हद्द एका बाजूला ६५,५३५ पिक्सेल आहे. लांबून बघायच्या बॅनरला १०० डीपीआयही पुरतो, आणि तेव्हा तेच काम ३,९३७ × ७,८७४ मध्ये बसतं.

८. रंग

रंग शेवटी ठेवलेत, कारण इथे बघण्यासाठीसुद्धा थोडं ज्ञान आणि बरा स्क्रीन लागतो.

छपाईची फाइल सीएमवायकेत (सियान, मॅजेंटा, पिवळा, काळा या शाया) असते, स्क्रीन आरजीबीत (लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५). एकातून दुसऱ्यात जायचे दोन रस्ते आहेत: रंग प्रोफाइल (अमुक शाई कागदावर प्रत्यक्ष कशी दिसते याचा तक्ता) वापरून किंवा पूर्ण प्रकाशातून शाईचं प्रमाण नुसतं वजा करून. शंभर टक्के सियान वजाबाकीनं ०, २५५, २५५ असा डोळ्यांत खुपणारा होतो. अमेरिकन वेब कोटेड स्वॉप प्रोफाइलनं तोच ०, १७४, २३९ होतो, जो शाईच्या जवळचा आहे. इमेज भडक आली की प्रोफाइल लागलेलं नाही असं समजा. याच प्रोफाइलनं शंभर टक्के काळा ३५, ३१, ३२ असा किंचित राखाडी येतो. ‘काळा फिका झाला’ अशी तक्रार येते त्यामागे हे असतं, आणि ते चूक नाही.

रंग पूर्ण उलटे दिसत असतील तर ती सीएमवायके जेपीईजी आहे. ॲडोबीचे प्रोग्रॅम तिच्यात आकडे उलटे साठवतात आणि काही वाचकांना ते कळत नाही. पीएनजीत तर सीएमवायकेची सोयच नाही. स्क्रीनसाठी आरजीबी, छपाईसाठी सीएमवायके टिफ, असं स्पष्ट ठरवून घ्या.

यातला सगळ्यात दगा देणारा प्रकार म्हणजे ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न काढता त्याच्यावरच शाई छापणं. एखाद्या पांढऱ्या आकाराला चुकून ओव्हरप्रिंट लागलेला असतो. पांढरा म्हणजे शाईच नाही, त्यामुळे ओव्हरप्रिंट झाल्यावर तो खालच्या रंगात विरून जातो. एक प्रोग्रॅम ओव्हरप्रिंट मानतो, दुसरा मानत नाही. म्हणून एका इमेजमध्ये नाव दिसतं, दुसरीत दिसत नाही. एका पाकिटाच्या डिझाइनवर काळ्या पट्टीतलं पांढरं नाव असंच गेलं होतं. मी ज्या साधनानं इमेज काढली त्यात नाव व्यवस्थित होतं, ती बघून मंजुरी दिली गेली आणि छापून आलं तेव्हा पट्टी रिकामी होती. त्या दिवसापासून मंजुरीची इमेज काढण्याआधी मी ॲक्रोबॅट प्रोच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये ओव्हरप्रिंट चालू करून पाहतोच.

कुठे थांबायचं

पहिल्या सहा तपासण्या कुणीही घरी कराव्यात. खालच्या ठिकाणी मात्र थांबा आणि प्रीप्रेसचं (छपाईआधीच्या तयारीचं) काम करणाऱ्या जाणकाराला किंवा फाइल बनवणाऱ्या डिझायनरला गाठा.

फाँट एम्बेड नाही, तुमच्याकडेही नाही आणि मूळ फाइल मिळत नाही: मजकूर अंदाजानं जुळवू नका, विशेषतः औषधाचं प्रमाण, पत्ता किंवा कायदेशीर मजकूर असेल तर.

फाइलमध्ये स्पॉट रंग (वेगळी तयार शाई), वार्निश (चकाकीचा लेप) किंवा डायकटचा (आकारात कापायच्या रेघेचा) थर आहे: इमेज केली की हे थर एकमेकांत मिसळतात आणि परत सुटे करता येत नाहीत.

रंग नमुन्याशी तंतोतंत जुळायला हवाय: ते स्क्रीनवर ठरत नाही, त्यासाठी जुळवलेला मॉनिटर आणि छापील प्रूफ लागतं.

वेष्टनावर बारकोड आहे: ईएएन-१३ च्या (दुकानातल्या वस्तूंवरच्या १३ आकडी बारकोडच्या) मूळ आकारात सगळ्यात बारीक पट्टी ०.३३ मिलिमीटरची असते. ३०० डीपीआयवर ती ३.९ पिक्सेलची होते. मग काही पट्ट्या तीन पिक्सेलच्या, काही चारच्या, काहींच्या कडा राखाडी, आणि स्कॅनर अडखळतो. असा बारकोड व्हेक्टरच राहू द्या.

आणि प्रेसनंच इमेज मागितली असेल तर रूपांतराला बसण्याआधी एक फोन करा आणि विचारा, ‘पीडीएफ चालेल का?’ बऱ्याचदा चालते, आणि मग वरचं काहीच करावं लागत नाही.